सीबीएल वाईट, जॉब चांगला: स्क्वीझ ठरवण्याआधी काय काय तपासायचं

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या विहिरींवर हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. ७ इंची केसिंगचं (विहिरीतल्या पोलादी नळीचं) सिमेंटिंग झालं, म्हणजे नळीमागची जागा सिमेंटने भरली; पंपिंगचा चार्ट स्वच्छ, रिटर्न (वर परत येणारं फ्लुइड) पूर्ण, सिमेंटमागचा प्लग वेळेवर तळाला टेकला, म्हणजे बम्प झाला. मग सिमेंट केसिंगला किती धरून आहे ते आवाजाने मोजणारा सिमेंट बाँड लॉग (सीबीएल) घेतला, तर पे झोनसमोर, म्हणजे तेल देणाऱ्या थरासमोर, अँप्लिट्यूड २० मिलिव्होल्ट. हा आकडा जितका वर, तितका बाँड वाईट समजतात. लगेच स्क्वीझची भाषा सुरू होते. स्क्वीझ म्हणजे धडधाकट केसिंगला भोकं पाडायची आणि त्यातून सिमेंट दाबायचं. ती भोकं पुढे कायमची कमकुवत जागा होऊन बसतात, आणि जॅकअप रिगचे दिवस जातात ते वेगळेच. याच्या उलटही होतं आणि ते जास्त घातक: अँप्लिट्यूड खाली, सगळे निर्धास्त, आणि उत्पादन सुरू झाल्यावर शेजारच्या थरातलं पाणी किंवा गॅस केसिंगच्या मागून आत.

दोन्हीचं मूळ एकच. अँप्लिट्यूडची एक रेघ बघून निकाल दिला जातो.

लक्षणं

खालीलपैकी काहीही दिसलं तर लॉगवर अजून विश्वास ठेवू नका, आणि जॉबवर अविश्वासही दाखवू नका.

- सिमेंट जॉब व्यवस्थित, पण अँप्लिट्यूड मध्यम, १० ते २५ मिलिव्होल्टच्या आसपास, सलग शेकडो मीटर.
- व्हीडीएलवर (पूर्ण लाटमालेच्या नोंदीवर) केसिंगच्या सरळ रेघा आणि त्यांच्यामागे फॉर्मेशनच्या, म्हणजे खडकाच्या, नागमोडी रेघा, दोन्ही एकाच जागी ठळक.
- अँप्लिट्यूड कमी, ट्रान्झिट टाइमही (आवाज रिसीव्हरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ) कमी, आणि व्हीडीएलवर केसिंगच्या रेघा फिकट का होईना, पण टिकून.
- काही मीटरांच्या पट्ट्यांत अँप्लिट्यूड एकदम वर, ट्रान्झिट टाइम एकदम खाली, आणि त्या पट्ट्या नेमक्या घट्ट चुनखडीसमोर.
- खालचा भाग उत्तम, वर जावं तसा बाँड बिघडत गेलेला.
- मुख्य पास आणि रिपीट पास (तोच तुकडा पुन्हा मोजलेला) एकमेकांशी जुळत नाहीत.

लॉग मोजतो काय, ते थोडक्यात. टूलमधला ट्रान्समीटर साधारण २० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो. तो केसिंगच्या भिंतीतून खाली धावतो. ३ फुटांवरचा रिसीव्हर पहिल्या लाटेची उंची मोजतो, ती अँप्लिट्यूड. ५ फुटांवरचा रिसीव्हर पूर्ण लाटमाला नोंदवतो, ती व्हीडीएल. फरशी आतून पोकळ आहे का हे गवंडी ठोकून ऐकतो, तसाच हा प्रकार: मोकळं पाइप घणघणतं, मागे सिमेंट घट्ट धरलेलं असेल तर आवाज तिथेच जिरतो. मोकळ्या ७ इंची केसिंगमध्ये पाण्यात अँप्लिट्यूड सुमारे ६२ मिलिव्होल्ट येतो, ९ ५/८ इंचीत सुमारे ५२, साडेपाच इंचीत सुमारे ७२.

तपासण्यांचा क्रम खर्चावर बेतलेला आहे. आधी हातात असलेल्या कागदावर जे होतं ते, मग टूल विहिरीत असतानाच जे करता येतं ते, आणि सगळ्यात शेवटी दुसरं टूल. पहिला टप्पा पूर्ण झाल्याशिवाय टूल वर काढू नका. अर्ध्या वाटेवर काढलेलं टूल पुन्हा खाली सोडण्याचा खर्च पहिल्या सगळ्या तपासण्यांपेक्षा मोठा असतो.

पहिला टप्पा: लॉग हातात, खर्च शून्य

*हेडर वाचा.* केसिंगचा आकार आणि वजन, होलचा (खोदलेल्या भोकाचा) आकार, विहिरीतलं फ्लुइड आणि त्याची घनता, सिमेंटचा प्रकार, प्लग बम्प झाल्याची वेळ आणि लॉगची वेळ. यातलं एक जरी चुकलं तरी पुढचा सगळा अर्थ चुकतो. विशेष लक्ष द्यायचं ते सिमेंटच्या थराच्या जाडीकडे. अँप्लिट्यूडची अपेक्षित घट मिळायला केसिंगभोवती किमान पाऊण इंच सिमेंट लागतं. साडेआठ इंची होलमध्ये ७ इंची केसिंग अगदी मधोमध असलं तर ही जाडी नेमकी पाऊण इंच भरते, एक धागासुद्धा जास्त नाही. विहीर तिरकी असेल आणि केसिंगचे सेंट्रलायझर (नळी मधोमध धरणारे कडे) कमी पडले असतील, तर केसिंग खालच्या बाजूला टेकतं आणि तिथे सिमेंट पातळ राहतं. अशा जागी चांगल्या सिमेंटलाही अँप्लिट्यूड थोडा वरच राहणार. १२ १/४ इंची होलमधल्या ९ ५/८ इंची केसिंगला १.३ इंच मिळतात, तिथे ही सबब चालत नाही.

*फ्री पाइप बघा.* सिमेंटच्या माथ्याच्या वर, जिथे केसिंगमागे फक्त फ्लुइड आहे, तिथे टूलने काय वाचलं? ७ इंचीत ६२ च्या जवळपास यायला हवं. ४५ आलं असेल तर टूल मधोमध नाही किंवा कॅलिब्रेशन चुकलंय, आणि मग खालच्या सगळ्या आकड्यांना अर्थ नाही. ७५ आलं असेल तर विहिरीत जड ब्राइन (खारं पाणी) आहे का ते विचारा. त्यात अँप्लिट्यूड पाण्यापेक्षा जास्त येतो, म्हणून ज्या फ्लुइडमध्ये लॉग घ्यायचा त्यातच कॅलिब्रेशन करायचं. फ्लुइडमध्ये गॅसचे बुडबुडे असतील तर सिग्नल मधेच मरतो आणि लॉग खोटाच चांगला दिसतो. अशा वेळी पुढे काहीही करण्याआधी विहिरीतलं फ्लुइड फिरवून (सर्क्युलेट करून) गॅस काढा.

फ्री पाइप ओळखायचा तो व्हीडीएलवर. रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ, आणि दर १२ मीटरच्या आसपास प्रत्येक कॉलरला (दोन नळ्यांच्या जोडाला) त्या रेघांत इंग्रजी डब्ल्यूसारखी खूण. या खुणा स्पष्ट दिसत असतील तर केसिंग तिथे मोकळं आहे, मग अँप्लिट्यूड काहीही म्हणो.

*आता ट्रान्झिट टाइम.* या सगळ्यात सर्वांत जास्त दुर्लक्षित आणि सर्वांत कामाची रेघ हीच. स्टीलमध्ये आवाजाला एका फुटाला ५७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ३ फुटांना १७१, अधिक टूलपासून केसिंगपर्यंत आणि परत येताना फ्लुइडमधला वेळ. एका विहिरीत, एकाच केसिंगमध्ये ही बेरीज बदलायचं कारण नाही. ती बदलली तर कारण शोधायचं, आणि कारणं मोजकीच आहेत.

ट्रान्झिट टाइम थोडा वाढला किंवा साधारण ५० मायक्रोसेकंदांची उडी मारून वर गेला, तर बहुधा सिग्नल इतका कमी आहे की उपकरणाने पहिली लाट सोडून पुढची पकडली. २० किलोहर्ट्झच्या एका लाटेला ५० मायक्रोसेकंद लागतात, म्हणून उडीही तेवढीच. अशी उडी बहुतेक वेळा चांगल्या बाँडचीच खूण असते.

ट्रान्झिट टाइम घटला तर दोनच शक्यता. पहिली, टूल एका बाजूला झुकलंय. पाव इंच सरकलं तर जवळच्या बाजूने जाता-येता मिळून अर्धा इंच फ्लुइड वाचतं, म्हणजे सुमारे ८ मायक्रोसेकंद. तेवढ्यात अँप्लिट्यूड निम्म्यावर येऊ शकतो, कारण केसिंगच्या वेगवेगळ्या बाजूंनी आलेल्या लाटा एकत्र पोहोचत नाहीत आणि एकमेकींना मारतात. म्हणून फ्री पाइपच्या ट्रान्झिट टाइमपेक्षा ४ मायक्रोसेकंदांहून जास्त घट दिसली की त्या पट्ट्यातला अँप्लिट्यूड वाचायचाच नाही. तो खोटा कमी आहे. वाईट सिमेंट चांगलं म्हणून खपतं ते इथेच.

दुसरी शक्यता म्हणजे वेगवान फॉर्मेशन, आणि आपल्याकडे तिचा विचार करावाच लागतो. मुंबई हायचा मुख्य एल-३ थर चुनखडीचा आहे. सच्छिद्रता नसलेल्या चुनखडीत आवाजाला फुटाला ४७.५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे स्टीलपेक्षा कमी. सिमेंट चांगलं असेल तर आवाज खडकात शिरतो, तिथून पुढे पळतो आणि केसिंगमधल्या लाटेच्या आधी रिसीव्हरवर पोहोचतो. मग उपकरण खडकाची लाट केसिंगची समजून मोजतं आणि अँप्लिट्यूड वर उडतो. प्रत्यक्षात खडकाची लाट आली यातच आवाज सिमेंट ओलांडून गेल्याचा पुरावा आहे.

दोन्हींत ट्रान्झिट टाइम घटतो, मग वेगळं कसं करायचं? झुकलेल्या टूलमध्ये अँप्लिट्यूड घटतो, वेगवान खडकात तो बहुतेकदा वाढतो. झुकलेलं टूल लांब पट्ट्यात, विशेषतः विहीर वळते तिथे त्रास देतं. खडकाचा परिणाम थरानुसार येतो आणि थराबरोबर संपतो. ओपन होलचा सोनिक लॉग (केसिंग घालण्याआधी खडकात आवाजाला फुटाला लागणारा वेळ मोजलेला) शेजारी ठेवा. जिथे सोनिक ५७ च्या खाली आहे तिथेच ही शक्यता. पाण्याने भरलेल्या चुनखडीसाठी साधा वेळ-सरासरीचा हिशोब केला (खडक ४७.५, पाणी १८९), तर ५७ ही मर्यादा सुमारे ७ टक्के सच्छिद्रतेला येते. म्हणजे तेल देणाऱ्या सच्छिद्र चुनखडीसमोर ही सबब लागू होत नाही, त्यामधल्या घट्ट पट्ट्यांसमोर होते. सरसकट "चुनखडी आहे, सोडून द्या" म्हणणारा अहवाल परत पाठवावा.

*बाँड इंडेक्स स्वतः काढा.* अहवालात ०.६ किंवा ०.८ असा बाँडच्या प्रमाणाचा आकडा (१ म्हणजे पूर्ण बाँड) छापून येतो आणि चर्चा तिथेच संपते. हा आकडा तीन गोष्टींवर उभा असतो: फ्री पाइपचा अँप्लिट्यूड, जिथे शंभर टक्के बाँड धरला तिथला अँप्लिट्यूड, आणि तुमच्या झोनमधला. पहिल्याला तिसऱ्याने भागून लॉगरिदम घ्यायचा, पहिल्याला दुसऱ्याने भागून लॉगरिदम घ्यायचा, आणि पहिलं उत्तर दुसऱ्याने भागायचं. फ्री पाइप ६२ आणि झोनमध्ये ५ मिलिव्होल्ट धरा. शंभर टक्क्यांसाठी ३ मिलिव्होल्ट निवडले तर इंडेक्स ०.८३ येतो. २ निवडले तर ०.७३. १ निवडला तर ०.६१. लॉग तोच, सिमेंट तेच. म्हणून शंभर टक्क्यांची जागा कुठे निवडली ते विचारा. ती झुकलेल्या टूलच्या पट्ट्यातली असेल, तर तिथला खोटा १ मिलिव्होल्ट बाकीच्या सगळ्या चांगल्या सिमेंटला नापास करतो. त्या जागेचा ट्रान्झिट टाइम तपासून मगच आकडा मान्य करा. शिवाय लीड (आधी पंप केलेलं, वरचं) आणि टेल (नंतरचं, खालचं) सिमेंट वेगळं असेल तर दोघांना वेगळी जागा लागते. हलक्या लीडला टेलच्या मापाने मोजणं अन्याय आहे.

०.८ चा इंडेक्स सलग किती मिळतो तेही बघा. प्रचलित आलेखानुसार साडेपाच इंचीला सुमारे ६ फूट, ७ इंचीला १० ते ११ फूट, ९ ५/८ इंचीला १५ फूट सलग मिळाले तर थर वेगळे राहतील असं मानतात. संपूर्ण कॉलम ०.८ असायची गरज नाही; पे झोन आणि पाण्याच्या थरामध्ये असा एक सलग तुकडा मिळाला की बरंच काम झालं.

*सिमेंटचं वय.* प्लग बम्प झाल्यापासून किती तास झाले? रिटार्डरचा (सिमेंट जमणं लांबवणाऱ्या रसायनाचा) डोस खालच्या तापमानावर ठरतो. वरचा भाग थंड असतो, तिथे तेच सिमेंट सावकाश जमतं. "खाली उत्तम, वर वाईट" हे लक्षण बहुतेक वेळा इथून येतं. लॅबने दिलेला ताकदीचा चार्ट काढा आणि तो कोणत्या तापमानाला केलाय ते बघा. खालच्या तापमानाचा असेल तर वरच्या भागाबद्दल तो काहीच सांगत नाही. वरच्या तापमानाला ५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ताकद आलेली नसेल तर लॉग लवकर घेतलाय. ४८ ते ७२ तास थांबून घेतलेला लॉग बघूनच बोला.

दुसरा टप्पा: टूल विहिरीत आहे

*रिपीट पास.* झोनसमोर ६० मीटरचा तुकडा पुन्हा घ्या, त्याच वेगाने, साधारण मिनिटाला ९ मीटर किंवा टूलच्या मर्यादेत त्याहून हळू. दोन पास जुळले नाहीत तर दोष सिमेंटचा नाही, टूल विहिरीत हलतंय. सेंट्रलायझर किती आणि कुठे लावलेत ते विचारा. तीनपेक्षा कमी चालत नाहीत, आणि तिरक्या विहिरीत टूलच्या वजनाखाली दबणारे कमकुवत बो-स्प्रिंग तीन असले तरी उपयोगाचे नाहीत. हे खरं तर टूल किनाऱ्यावरच्या न्हावा पुरवठा बेसवरून बोटीत चढण्याआधी तपासायचं. जून ते सप्टेंबरमध्ये समुद्र खवळलेला असताना सेंट्रलायझरचा एक सेट मागवायला रिग दोन दिवस थांबलेली परवडत नाही, म्हणून केसिंगच्या आतल्या व्यासाला मोजून बसवलेला जादा सेट टूलबरोबरच पाठवा.

*प्रेशर पास.* या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल. केसिंगच्या सरळ रेघा आणि फॉर्मेशनच्या नागमोडी रेघा एकत्र ठळक दिसत असतील तर पहिला संशय मायक्रोॲन्युलसचा. म्हणजे केसिंग आणि सिमेंट यांच्यात केसापेक्षा बारीक फट. सिमेंट जागेवर आहे, केसिंग त्याला टेकलेलं नाही.

फट पडते ती दाबातल्या बदलामुळे. सिमेंट जमताना विहिरीत १२ पीपीजीचा (गॅलनला पौंड) मड, म्हणजे ड्रिलिंगचा चिखल, होता आणि लॉगच्या वेळी ८.६ पीपीजीचं ब्राइन, असं समजा. १३५० मीटर खोलीवर हा फरक जवळपास ७८० पीएसआय होतो. तेवढा दाब उतरला की केसिंग आखडतं. ७ इंची, २९ पौंडी केसिंगची त्रिज्या १००० पीएसआयला साधारण ०.०२ मिलिमीटर बदलते. २० किलोहर्ट्झच्या लाटेला एवढी फट पुरते. अँप्लिट्यूड चांगल्या सिमेंटमध्येही अर्ध्या वाटेवर येऊन थांबतो. सिमेंट जमल्यावर केलेली केसिंगची प्रेशर टेस्ट, जमताना केसिंगमध्ये अडकवून ठेवलेला दाब, पाइपवर कारखान्यात लावलेलं वार्निश किंवा ग्रीस, हीसुद्धा कारणं.

तपासणी अशी. आधी दाबाशिवाय पूर्ण झोनचा लॉग घ्या. मग वेलहेडवर (विहिरीच्या तोंडावर) वायरलाइनचं, म्हणजे टूलच्या केबलचं, प्रेशर कंट्रोल बसवून १००० पीएसआय चढवा, तो स्थिर धरा आणि तोच झोन त्याच वेगाने पुन्हा घ्या. अँप्लिट्यूड २५ वरून ५-६ वर आला तर मायक्रोॲन्युलस. जागचा हलला नाही तर चॅनल (सिमेंटमधली सलग मोकळी वाट) आहे किंवा सिमेंटच नाही. १५ वर येऊन अडला तर दोन्ही आहे, आणि तो निकाल पुढच्या टप्प्याकडे पाठवायचा.

किती दाब चढवायचा हे लॉगिंगवाल्याने ठरवायचं नाही. केसिंगची झालेली टेस्ट, लायनर लॅप (दोन नळ्या एकात एक येतात तो भाग), फ्लोट (तळाची एकमार्गी झडप) आणि वेलहेड यांतली सर्वांत कमी मर्यादा धरून विहिरीचा प्रोग्राम जे सांगेल तेवढाच. जास्त दाबाने नव्या सिमेंटला तडा जाऊ शकतो आणि दाब सोडल्यावर फट आधीपेक्षा मोठी होते. केसिंगला आधीच परफोरेशन (उत्पादनासाठी पाडलेली भोकं) असेल तर ही तपासणी नाहीच.

मायक्रोॲन्युलस सिद्ध झाला तर स्क्वीझने सहसा काही साधत नाही, इतक्या बारीक फटीत सिमेंटचे कण शिरत नाहीत. तेल-पाण्याच्या थरांत अशी फट बहुधा चालून जाते. गॅसच्या थरासमोर मात्र ती चालेल असं गृहीत धरू नका. पुढच्या विहिरीसाठी उपाय सोपा आहे: केसिंगची प्रेशर टेस्ट प्लग बम्प होताच, सिमेंट ओलं असताना उरका, फ्लोट धरत असतील तर जमेपर्यंत केसिंगमध्ये दाब ठेवू नका, आणि शक्य तिथे डिस्प्लेसमेंट (सिमेंट मागून ढकलणं) त्याच फ्लुइडने करा ज्यात पुढे काम होणार आहे.

तिसरा टप्पा: दुसरं टूल

साधा सीबीएल केसिंगच्या भोवतालची सरासरी देतो. एका बाजूला अरुंद चॅनल आणि बाकी सगळीकडे उत्तम सिमेंट असेल, तर तो "मध्यम" म्हणतो आणि कमकुवत सिमेंट सगळीकडे सारखं असलं तरी "मध्यम"च म्हणतो. चॅनल कोणत्या बाजूला आहे ते कळायला सेगमेंटेड किंवा अल्ट्रासोनिक टूल लागतं. अल्ट्रासोनिक २०० ते ७०० किलोहर्ट्झवर केसिंगची भिंत एका एका ठिकाणी वाजवून मागच्या पदार्थाचा अकूस्टिक इंपिडन्स (पदार्थ आवाजाला किती अडवतो, ते माप) काढतं. पाणी दीडच्या आसपास, नेहमीचं क्लास जी सिमेंट ५ ते ७ मेगारेल (इंपिडन्सचं एकक). द्रवाने भरलेल्या बारीक फटीचा त्याच्यावर कमी परिणाम होतो, गॅसने भरलेल्या फटीचा खूप होतो. म्हणून सीबीएल आणि अल्ट्रासोनिक एकत्र वाचायचे, एकाच्या जागी दुसरा नाही.

हलकं किंवा फोम सिमेंट वापरलं असेल तर सावध. त्याचा इंपिडन्स २ ते ४ मध्ये बसतो आणि जड मड ३ पर्यंत जाऊ शकतो. नेहमीची घन-द्रव सीमारेषा, बहुधा २.६, तशीच ठेवली तर नकाशावर सिमेंट पाण्याच्या रंगात रंगतं. प्रोसेसिंगवाल्याला सिमेंटचा खरा प्रकार आधी कळवा, रंग बघून नंतर वाद घालू नका.

कुठे थांबायचं

यापुढचं काम लॉग वाचणाऱ्याचं राहत नाही:

- ॲन्युलसवर (केसिंगमागच्या जागेत) दाब दिसतोय, सोडला तर पुन्हा चढतोय. लॉग कितीही सुंदर असो, वेल इंटिग्रिटी आणि ड्रिलिंगच्या वरिष्ठांना तिथल्या तिथे कळवा. परफोरेशन थांबवा.
- सिमेंटचा माथा आधीच्या केसिंगच्या शूच्या (तळाच्या टोकाच्या) खाली राहिलाय किंवा वरचा गॅसचा थर उघडा आहे.
- प्रेशर पास हवा आहे, पण लायनर लॅप किंवा वेलहेडची मर्यादा आड येते.
- दाबाने अँप्लिट्यूड हलला नाही आणि पंपिंगच्या चार्टमध्ये लॉस किंवा कमी रिटर्न आहेत. इथे सिमेंट खरंच नसण्याची शक्यता मोठी. सिमेंटिंग इंजिनिअरला बोलवा.
- टूल अडकतंय, केबलचं टेन्शन चढतंय. दुसऱ्या पासचा मोह सोडा, वायरलाइनच्या प्रमुखाला ठरवू द्या.

तज्ज्ञाला बोलवाल तेव्हा छापलेला लॉग एकटा पाठवू नका. सोबत जायला हवं: दोन्ही रिसीव्हरच्या लाटमाला डिजिटल स्वरूपात, ट्रान्झिट टाइमसह सगळे पास, दाबाशिवायचा आणि दाबासहचा लॉग वेगवेगळा, ओपन होलचे सोनिक, गॅमा आणि कॅलिपर, पंपिंगचा चार्ट, दोन्ही तापमानांचे लॅब रिपोर्ट, केसिंगच्या सेंट्रलायझरची यादी आणि प्लग बम्पपासून लॉगपर्यंत विहिरीतलं फ्लुइड व दाब कधी कधी बदलले त्याची वेळेनुसार नोंद. ही शेवटची नोंद बहुतेक फायलींत सापडत नाही, आणि मायक्रोॲन्युलसचा निकाल सर्वांत जास्त तिच्यावरच अडतो.